प्रवाळ खोलवर चपटे का होतात, आणि किती खोलवर सापडतात?

गंगापूर रोडवरच्या एका शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या मॅडमनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. आठवीच्या मुलांनी प्रदर्शनासाठी प्रवाळ खडकाची प्रतिकृती केली. वरच्या भागात लांब फांद्यांचे प्रवाळ, मधे गोल गोळे, तळाशी थाळ्या आणि कडेला दर पाच मीटरची खूण. परीक्षकांनी विचारलं, खाली थाळ्याच का? मुलं म्हणाली, पाण्याचा दाब वाढतो म्हणून ते चपटे होतात. मॅडमना ते पटलं नाही, पण नेमकं उत्तर हाताशी नव्हतं. त्यातच वर्गातली काही मुलं दिवाळीच्या सुट्टीत मालवणला स्नॉर्केलिंग करून आली होती. त्यांना दोन-तीन मीटरवरही फांद्या दिसल्या नाहीत, खडकाला चिकटलेले गोळे आणि पापुद्रेच दिसले. मग प्रतिकृती चुकली की मालवण वेगळं आहे? आणि खाली जाऊ तसे प्रवाळ एकसारखे कमी होत जातात का?

मी नाशिकचाच, पण कामाची बहुतेक वर्षं लक्षद्वीप, अंदमान आणि कोकण किनाऱ्यावर प्रवाळांच्या मोजणीत गेली. त्यामुळे जरा सविस्तर लिहितो. मॅडम, यातलं बरंचसं वर्गात वाचून दाखवता येईल.

आधी दाबाचा विषय संपवू. दर दहा मीटरला साधारण एक वातावरण इतका दाब वाढतो, इथपर्यंत मुलांचं बरोबर आहे. पण हा दाब वरून एकाच बाजूने पडत नाही, तो सगळीकडून सारखा असतो. प्रवाळाचा जिवंत भाग, म्हणजे पॉलिप, बहुतांशी पाण्याचाच बनलेला असतो. त्यात चेपली जाईल अशी हवेची पोकळी नसते. आणि सांगाडा कॅल्शियम कार्बोनेटचा. त्यामुळे चपटं होण्यासारखं तिथे काही नसतं. पुरावा तुमच्या जवळच आहे. आपल्या सराफ बाजारात मंगळासाठी जे लाल पोवळं विकतात, ते मुळात भूमध्य समुद्रातल्या एका प्रवाळाचं. तो काही दहा मीटरपासून कित्येक शे मीटर खोलीपर्यंत सापडतो, आणि सगळीकडे लहानशा झाडासारखा फांद्या फुटलेलाच असतो. दुसरं उदाहरण नॉर्वेजवळच्या रोस्ट प्रवाळ खडकाचं. २००२ मध्ये सापडलेला हा खडक ३०० ते ४०० मीटर खोल, थंड, काळोख्या पाण्यात आहे आणि त्याची लांबी ३५ किलोमीटरच्या वर आहे. तो बांधणारा डेस्मोफायलम पर्टुसम हा प्रवाळही फांद्यांचाच, अगदी दाट जाळी झालेला. दाबामुळे चपटं व्हायचं असतं, तर तीस-चाळीस पट दाबाखाली राहणारा हा प्रवाळ सगळ्यांत आधी झाला असता.

या दोन्ही प्रवाळांत एक गोष्ट समान आहे. त्यांच्या शरीरात शैवाल नसतं. प्रवाहाबरोबर वाहत येणारे बारीक जीव आणि कण पकडून ते जगतात. त्यामुळे उजेडाशी त्यांचा काही संबंध नाही, आणि प्रवाहात हात पसरल्यासारखी फांद्यांची रचना त्यांना सोयीची पडते.

मुलांच्या प्रतिकृतीतले प्रवाळ मात्र वेगळ्या जातकुळीचे आहेत. उष्ण कटिबंधातल्या खडक बांधणाऱ्या प्रवाळांच्या पेशींत सूक्ष्म एकपेशीय शैवाल राहतं, त्याला झूझँथेली म्हणतात. हे शैवाल प्रकाशसंश्लेषण करून साखरेसारखं अन्न तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा प्रवाळाला देतं. उथळ, नितळ पाण्यात प्रवाळाच्या ऊर्जेची ९० टक्क्यांपर्यंत किंवा त्याहून जास्त गरज यातून भागू शकते. शिवाय उजेडात चुन्याचा सांगाडाही अधिक वेगाने तयार होतो. म्हणजे हा प्राणी असला तरी त्याचा संसार झाडाच्या नियमांनी चालतो. मीटरपट्टीवरचा आकडा त्याला कळत नाही. त्याला कळतो तो उजेड, लाटांचा धक्का, गाळ आणि तापमान. खोलीबरोबर या चारही गोष्टी बदलतात, पण प्रत्येक ठिकाणी वेगळ्या दराने. मालवणचं कोडं यातच आहे.

पाण्यात उजेड कसा कमी होतो ते आधी पक्कं करू. तो सरळ रेषेत उतरत नाही, प्रत्येक मीटरला उरलेल्यातला ठरावीक हिस्सा कमी होतो. खुल्या समुद्रातल्या नितळ पाण्यात पृष्ठभागावरच्या उजेडाचा १० टक्के भाग साधारण ४० मीटरपर्यंत पोहोचतो आणि १ टक्का ८० मीटरपर्यंत. गढूळ किनारी पाण्यात तेच १० टक्के सहा-सात मीटरवर आणि १ टक्का तेरा-चौदा मीटरवर येऊन ठेपतात. रंगही बदलतो. लाल उजेड पहिल्या काही मीटरांतच शोषला जातो, नितळ पाण्यात निळा सर्वांत खोल जातो. ढोबळ नियम असा की दहा टक्क्यांच्या वर उजेड असेल तिथे प्रवाळ खडक बांधू शकतात, आणि एक-दोन टक्क्यांपर्यंत ते विखुरलेले का होईना, जगतात. डार्विनने १८४२ मध्येच लिहून ठेवलं होतं की खडक बांधणारे प्रवाळ २० ते ३० फॅदमच्या, म्हणजे साधारण ३७ ते ५५ मीटरच्या, खाली वाढत नाहीत. कारण त्याला माहीत नव्हतं, शैवालाची ही भागीदारी तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हती. पण दोऱ्याला शिसं बांधून घेतलेल्या नोंदींवरून काढलेली ती मर्यादा खडकबांधणीपुरती आजही फारशी चुकीची नाही.

आता आकार. याचं सगळ्यांत जवळचं उदाहरण आपल्या द्राक्षबागेत आहे. मांडवावर वेल पसरवतात तेव्हा पानांचा जवळजवळ एकच थर होतो, आणि भर दुपारी खाली फारसं ऊन उतरत नाही. उजेड भरपूर असेल तर पानांचे दोन-तीन थर एकमेकांच्या सावलीतही तग धरतात, खालच्या पानालाही पुरेसं मिळतं. पण उजेड कमी असेल तर सावलीतलं पान वेलीला देण्याऐवजी वेलीकडूनच घेतं. म्हणून कमी उजेडात एकच थर, पसरट आणि एकावर एक न येणारा, परवडतो. फांद्यांचा प्रवाळ हा अनेक थरांचा. उथळ पाण्यात वरच्या टोकांना तर गरजेपेक्षा जास्त ऊन मिळतं. फांद्यांच्या आतल्या भागात ते मध्यम होतं आणि तिथले पॉलिपही कमावते राहतात. तीच रचना २५ मीटरवर ठेवली तर आतला अर्धा भाग तोट्यात जाईल. तिथे थाळी जिंकते.

मुलांना हे हिशेबाने दाखवता येईल, आणि मला वाटतं ते दाखवायलाच हवं. १० सेंटीमीटर त्रिज्येचा अर्धगोल घ्या. त्याचा वक्र पृष्ठभाग सुमारे ६२८ चौरस सेंटीमीटर आणि घनफळ सुमारे २,०९४ घन सेंटीमीटर. आता तेवढ्याच, ६२८ चौरस सेंटीमीटर पृष्ठभागाची गोल थाळी घ्या. तिची त्रिज्या १४ सेंटीमीटरच्या थोडी वर येते. जाडी एक सेंटीमीटर धरली तर घनफळ ६२८ घन सेंटीमीटर. म्हणजे तेवढ्याच पॉलिपना बसायला तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी चुना लागला. आणि वरून पडणाऱ्या उजेडापुढे अर्धगोलाची सावली ३१४ चौरस सेंटीमीटर, थाळीची ६२८. निम्म्याहून कमी खर्चात दुप्पट उजेड. शाडूच्या मातीचे असे दोन नमुने करा आणि मे महिन्यातल्या शून्य सावलीच्या दिवसाच्या आसपास भर दुपारी, दोऱ्यांनी थोडे वर टांगून, जमिनीवर पडणाऱ्या सावल्या आलेख कागदावर मोजा. आठवीच्या मुलाला यापेक्षा चांगलं पटवून देता येणार नाही.

इथे एक गोष्ट नीट वेगळी करायला हवी, कारण पाठ्यपुस्तकी चित्रांत ती हरवते. खोलीबरोबर आकार बदलतो तो दोन मार्गांनी. एक म्हणजे जातीच बदलतात. वर ॲक्रोपोरा आणि पोसिलोपोरा हे फांद्यांचे प्रवाळ, खाली पॅकिसेरिस आणि लेप्टोसेरिस हे थाळ्यांचे. दुसरा मार्ग असा की जात तीच राहते आणि तिची वाढ बदलते. टर्बिनारिया मेसेंटेरिना हा प्रवाळ उथळ पाण्यात उभ्या, वळ्या पडलेल्या पडद्यांसारखा वाढतो आणि खोल पाण्यात सपाट पसरतो. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी त्याचे तुकडे वरचे खाली आणि खालचे वर नेऊन बसवले, तेव्हा नवी वाढ नव्या जागेला शोभेल अशी झाली. कॅरिबियनमधल्या ऑर्बिसेला गटातले प्रवाळ उथळात घुमटासारखे आणि खोलवर पायऱ्या-पायऱ्यांच्या थाळ्यांसारखे दिसतात. १९७६ मध्ये दोन शास्त्रज्ञांनी फक्त उजेडाचे नियम घालून संगणकावर अशी वसाहत, म्हणजे अनेक पॉलिप मिळून झालेला एक प्रवाळ, वाढवून पाहिली आणि हेच आकार मिळाले. यामागचं गणित साधं आहे. घुमटाच्या माथ्यावर आणि कुशीत उजेडाचा फरक फार नसेल तर सगळीकडून सारखी वाढ होते. खोलवर कुशीतल्या पॉलिपना फारच कमी मिळतं, म्हणून वाढ कडेने बाहेर सरकते.

आता लाटा. वरच्या पट्ट्यात लांब, नाजूक फांद्या दाखवल्या आहेत, तिथे प्रतिकृती खरंच दुरुस्त करावी लागेल. जिथे लाट फुटते त्या माथ्यावर असे प्रवाळ टिकत नाहीत. तिथे ॲक्रोपोरा असतात, पण आखूड, जाड, बोटांएवढ्या दाट फांद्यांचे, आणि खडकाला घट्ट चिकटलेले पापुद्रे. माथ्याच्या थोडं खाली, उतारावर, मेजासारखे पसरलेले ॲक्रोपोरा. लांब, सांबरशिंगासारख्या फांद्या बघायच्या तर शांत खाजणात, म्हणजे खडकाच्या आतल्या बाजूच्या उथळ पाण्यात, किंवा लाटेचा मार कमी होतो तिथे, साधारण पाच ते पंधरा मीटरवर. लाटेचा जोरही उजेडासारखाच टप्प्याटप्प्याने उतरतो. आठ सेकंदांच्या अंतराने येणाऱ्या लाटेची लांबी खुल्या समुद्रात सुमारे १०० मीटर असते. अशा लाटेने होणारी पाण्याची हालचाल १० मीटरवर जवळजवळ निम्मी राहते, २० मीटरवर तिसऱ्या हिश्श्याहून कमी, आणि ५० मीटरवर चार टक्के. जमैकात हे एका रात्रीत दिसलं. तिथल्या खडकाचे पट्टे १९५९ मध्येच थॉमस गोरो यांनी तपशीलवार मांडले होते. वर एल्कहॉर्न ॲक्रोपोराची जाड शिंगं, त्याखाली स्टॅगहॉर्नची रानं, त्याखाली घुमट आणि मग अगारिसियाच्या थाळ्या. ऑगस्ट १९८० मध्ये ॲलन चक्रीवादळ आलं आणि वरची शिंगांची रानं तुटून चुऱ्याचा ढीग झाला. गोल घुमट पुष्कळसे वाचले. एखाद्या पट्ट्यात कोणते आकार दिसतात हे कोण तिथे उगवलं यावर जेवढं अवलंबून असतं, तेवढंच मागच्या मोठ्या वादळात कोण वाचलं यावरही.

अगदी वरच्या कडेला आणखी एक मर्यादा आहे ती ओहोटीची. पोराइट्सचा गोळा वाढत वाढत ओहोटीच्या पातळीला पोहोचला की माथा उघडा पडून वाळतो आणि मरतो. पण कडा पाण्यात असतात, त्या वाढत राहतात. काही वर्षांत त्याचा एक सपाट माथ्याचा, गोल कट्टा होतो. त्याला मायक्रोॲटॉल म्हणतात. वरून पाहिलं तर मधला मेलेला भाग करडा, त्यावर शेवाळ आणि शिंपले, आणि भोवती बोटभर रुंदीची जिवंत, पिवळसर तपकिरी कड. बोट लावून बघावं असा मोह होतो, पण तो आवरायचा. हा कट्टा म्हणजे समुद्रपातळीची नोंदवहीच असते. २६ डिसेंबर २००४ च्या भूकंपात उत्तर अंदमानचा किनारा वर उचलला गेला, काही ठिकाणी एक मीटरहून जास्त. तिथले प्रवाळ कायमचे पाण्याबाहेर आले आणि मेले. जमीन किती उचलली गेली हे शास्त्रज्ञांनी अशाच कट्ट्यांच्या कडा मोजून काढलं. त्याच वेळी ग्रेट निकोबारचं दक्षिण टोक चार मीटरच्या आसपास खाली गेलं. तेव्हा प्रवाळाचा आकार चपटा दिसला की तो खोल पाण्यातलाच असेल असं मुलांनी ठरवू नये. अगदी उथळातही सपाट आकार असतो, कारण मात्र उलटं.

आता मालवण. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या पाण्यात पोराइट्स, फेव्हाइट्स, गोनियोपोरा आणि टर्बिनारिया असे प्रवाळ आहेत, आणि हा भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. दक्षिणेला देवबागजवळ कर्ली नदी समुद्राला मिळते, उत्तरेला कालावलच्या खाडीतून गड नदी. पावसाळ्यात या नद्या गाळ आणि गोडं पाणी आणून ओततात, वर नैर्ऋत्येकडून लाटा तळ ढवळतात. गढूळ पाण्यात सगळं मोजमाप आक्रसतं. नितळ समुद्रात ४० मीटरच्या उतारावर पसरलेले उजेडाचे टप्पे इथे सात-आठ मीटरांत उरकतात. त्यात गाळाचा बोजा वेगळा. नाजूक ॲक्रोपोराला हे झेपत नाही. जाड, गोल, बऱ्याचदा मोठ्या पॉलिपचे, गाळ झटकू शकणारे आणि उजेडाबरोबर वाहत्या अन्नावरही भागवणारे प्रवाळ टिकतात. कच्छच्या आखातातही गोलाकार आणि पापुद्र्यासारख्या प्रवाळांचंच राज्य आहे, कारण तिथलं पाणीही असंच गढूळ आणि भरती-ओहोटी प्रचंड. म्हणजे तुमच्या मुलांनी जे पाहिलं ते बरोबर पाहिलं.

गढूळ पाण्यात थाळी हा आकार अडचणीचाही ठरतो. उजेड म्हणतो सपाट हो, गाळ म्हणतो उभा राहा. टर्बिनारियाचा पेल्यासारखा नमुना जवळून पाहिला की ही ओढाताण दिसते. पेल्याच्या तळाशी मऊ, करड्या गाळाची चकती साचलेली असते आणि तिच्याखाली ऊती मेलेली, पांढऱ्या सांगाड्यावर शेवाळाचा पातळ थर. पण कड वर उचललेली, वळ्या पडलेली आणि जिवंत. पॉलिप चिकट द्रव सोडून गाळाचे कण बांधतात आणि हळूहळू कडेकडे ढकलतात. माझ्या मते कोकणातल्या प्रवाळांचा आकार समजून घ्यायचा तर उजेडाइतकाच हा पेला बघायला हवा. आपल्याकडच्या मुलांना शिकवताना ऑस्ट्रेलियाची निळीशार चित्रं दाखवून हा भाग सोडून दिला जातो, याची मला खंत वाटते.

याच्या उलट टोकाला आंग्रिया बँक. विजयदुर्गपासून पश्चिमेला सुमारे १०५ किलोमीटरवर, कान्होजी आंग्रे यांच्या नावाने ओळखलं जाणारं हे बुडालेलं पठार. त्याचा माथाच पृष्ठभागापासून वीसेक मीटर खाली आहे. किनाऱ्याचा गाळ तिथवर पोहोचत नाही, पाणी नितळ, त्यामुळे मालवणात जिथे अंधार होतो त्याहून जास्त खोलीवर तिथे प्रवाळ बहरलेले आहेत. डिसेंबर २०१९ मध्ये तिथे मोठी वैज्ञानिक सर्वेक्षण मोहीमही झाली. तुमच्या मुलांची प्रतिकृती आंग्रिया बँकेची असती तर ती मधल्या पट्ट्यापासूनच सुरू झाली असती, लाटा फुटण्याचा माथा तिथे नाहीच. एकाच राज्याच्या किनाऱ्यासमोर ही दोन उदाहरणं आहेत. खोलीच्या आकड्यावर विसंबू नये हे सांगायला मला तिसरं लागत नाही.

आता संख्येचा प्रश्न. खाली जाऊ तसे प्रवाळ एकसारखे कमी होत नाहीत. अगदी वरच्या पट्ट्यात ऊन, अतिनील किरण, ओहोटी आणि लाटा यांमुळे निवडक जातीच टिकतात. तिथून खाली उतरताना आधी जाती आणि जिवंत आच्छादन दोन्ही वाढतात, मधे कुठेतरी शिखर गाठतात आणि मग उतरतात. शिखर कुठे येतं ते जागेवर ठरतं. नितळ पाण्यात जातींची विविधता बहुतेकदा १० ते ३० मीटरच्या दरम्यान सर्वाधिक आढळते. गढूळ किनाऱ्यावर ती दोन-चार मीटरवरच येऊन थांबू शकते. पिलांपासूनच याची सुरुवात होते. खडकावर मातीच्या फरशा बांधून ठेवल्या तर उथळ पाण्यात प्रवाळाची तरंगती पिलं बहुतेक फरशीच्या खालच्या अंगाला, फटीत चिकटतात, कारण वर ऊन फार आणि शेवाळ-गाळाची गर्दी. तीच फरशी खोल ठेवली तर ती वरच्या अंगाला बसतात. जेमतेम मिलिमीटरभराचा जीव, पण उजेड ओळखून जागा निवडतो.

मोजणी कशी करतो तेही सांगतो, कारण आकडे वाचताना ते लागतं. एकाच खोलीच्या रेषेवर २० मीटरची पट्टी अंथरायची आणि तिच्याखाली किती सेंटीमीटर जिवंत प्रवाळ येतो ते पाटीवर पेन्सिलीने टिपत जायचं. ४६० सेंटीमीटर आले तर २,००० पैकी २३ टक्के आच्छादन. ही पद्धत वनस्पतिशास्त्रातून आली आणि १९७२ मध्ये लोया यांनी तांबड्या समुद्रात एलाटला ती प्रवाळांसाठी वापरल्यावर रूढ झाली. तिची मर्यादा अशी की एक थाळी वरून पाहता मीटरभर आच्छादन दाखवते, पण ती एकच वसाहत असते, आणि तिच्याखाली काय आहे ते पट्टीला दिसत नाही. म्हणून ‘प्रवाळ किती’ याला दोन उत्तरं असतात, वसाहती किती आणि जागा किती व्यापली. खोलवर ही दोन उत्तरं पुष्कळदा वेगवेगळ्या दिशेला जातात. शिवाय साध्या स्कूबा डायव्हिंगची मर्यादा ४० मीटर. बहुतेक आकडेवारी तिथेच संपत आली, आणि लोकांना वाटलं प्रवाळही तिथेच संपतात.

तसं नाही हे आता चांगलं कळलंय. साधारण ३० ते १५० मीटरच्या पट्ट्याला मंदप्रकाशी पट्टा म्हणू. तिथे लेप्टोसेरिससारखे पातळ, रुंद थाळ्यांचे प्रवाळ राहतात. फ्रेंच पॉलिनेशियात लेप्टोसेरिस हवाईएन्सिस १७२ मीटर खोलीवर, शैवालासह जिवंत सापडला आहे. तिथे तो खडक बांधत नाही, तग धरतो. ताहितीजवळ मात्र ३० ते ६५ मीटर खोलीवर तीनेक किलोमीटर लांबीचा प्रवाळ खडक असल्याचं जानेवारी २०२२ मध्ये जाहीर झालं. गुलाबाच्या पाकळ्यांसारख्या पसरलेल्या थाळ्या, काही तर दोन मीटर रुंद. उजेड कमी, पण पाणी इतकं नितळ की प्रवाळ तिथेही दाटीने वाढलेत.

खोली वाढली की उष्णतेपासून काही प्रमाणात बचावही होतो. १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ मध्ये समुद्र तापला तेव्हा लक्षद्वीपच्या उथळ पाण्यातले फांद्यांचे प्रवाळ आतलं शैवाल गमावून पांढरे पडले, पुष्कळ मेले. खोलवरच्या खडकांना सहसा कमी झळ बसते. पण २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर ४० मीटरवरचे प्रवाळही पांढरे पडले होते. त्यामुळे खोल पाण्यातले प्रवाळ उथळातल्यांची जागा भरून काढतील या भरवशावर कुणी राहू नये. बऱ्याच जाती दोन्ही पट्ट्यांत राहतच नाहीत.

प्रतिकृतीत बदल करायचे ते असे. माथ्यावरच्या लांब फांद्या काढून आखूड आणि जाड करा, लांब फांद्या खाजणाच्या बाजूला आणि उतारावर थोड्या खाली हलवा. थाळ्या तळाशीच राहू द्या, पण त्यांचा रंग गडद तपकिरी करा, कारण कमी उजेडात शैवालाची रंगद्रव्यं वाढतात. कडेच्या मीटरच्या खुणांशेजारी दुसरी पट्टी लावा, उजेडाच्या टक्क्यांची. त्या पट्टीचे दोन नमुने करा, एक नितळ पाण्याचा आणि एक मालवणसारख्या गढूळ पाण्याचा, आणि ते बदलून दाखवा. प्रतिकृतीसाठी खऱ्या प्रवाळाचा तुकडा, मेलेला असला तरी, कुठून आणू नका. खडक बांधणाऱ्या सगळ्या प्रवाळांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. कागदाचा लगदा आणि शाडू पुरे.

उजेडाची पट्टी मुलांनी स्वतः मोजून भरावी असं मला फार वाटतं, आणि त्यासाठी समुद्र लागत नाही. १८६५ मध्ये इटलीच्या आंजेलो सेक्की यांनी पांढरी तबकडी पाण्यात सोडून पाण्याची नितळता मोजली. आजही तीच पद्धत चालते. २० सेंटीमीटर व्यासाची पत्र्याची तबकडी, चार भागांत आळीपाळीने काळी-पांढरी रंगवलेली, खाली वजन, वर दर १० सेंटीमीटरला गाठ मारलेली न ताणणारी दोरी. गंगापूर धरणावर बोटीतून, लाइफ जॅकेट घालून, परवानगी आणि मोठी माणसं सोबत असतील तेव्हाच, दुपारी अकरा ते दोनच्या दरम्यान सावलीच्या बाजूने ती सोडा. दिसेनाशी होते ती खोली आणि वर ओढताना पुन्हा दिसते ती खोली, यांची सरासरी घ्या. त्या आकड्याला १.३५ ने गुणलं की १० टक्के उजेडाची खोली मिळते, २.७ ने गुणलं की १ टक्क्याची. तबकडी २ मीटरवर दिसेनाशी झाली तर १० टक्के उजेड २.७ मीटरवर आणि १ टक्का साधारण ५.४ मीटरवर. हे गुणक अंदाजाचे आहेत, फार गढूळ पाण्यात थोडे हलतात, पण शाळेच्या कामाला पुरेसे आहेत. एकदा जुलैमध्ये, पुराचं पाणी आल्यावर, आणि एकदा जानेवारीत, पाणी निवळल्यावर मोजा. मिळालेल्या दोन आकड्यांवरून मुलांना विचारा, या पाण्यात प्रवाळ राहू शकले असते असं धरलं, तर जुलैतल्या उजेडात थाळ्या किती मीटरवर काढायच्या आणि जानेवारीतल्या उजेडात किती मीटरवर?